खबर आत आणा, पेट्रोल नको: मॉडिफाय केलेल्या गाडीचं फ्युएल प्रेशर

निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात उभे राहा, ई-२० चा विषय निघाल्याशिवाय चहा संपत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० सालासाठी होतं. ते अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठलं गेलं. आपल्या भागात ही बातमी दोन दारांनी आत आली. एका दाराने ऊसवाल्याकडे, कारण कारखान्याच्या डिस्टिलरीचं चाक त्याच्याच उसावर फिरतं. दुसऱ्या दाराने गाडीवाल्याकडे, कारण तेच इथेनॉल फिरून त्याच्या टाकीत येतं.

जुन्या गाडीला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवलेली, इंजिन बदललेली, ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या छोट्या संगणकाचं, ट्यूनिंग करून घेतलेली पोरं आता एकच प्रश्न विचारतात: घाट चढताना इंजिन ठोके मारतं, पेट्रोल पुरतंय की नाही ते बघायचं कसं? आणि खिशाला परवडेल असं काही आहे का?

आहे. पण त्यातली एक स्वस्त वाट जीवावर बेतणारी आहे आणि दुर्दैवाने तीच सगळ्यात जास्त वापरली जाते. म्हणून हा लेख.

ठिबकचा टायमर आणि गाडीचा ईसीयू

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना फ्युएल प्रेशर, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब, निम्मं आधीच समजलेलं आहे. टायमर लावला, वीस मिनिटं पाणी सोडलं. टायमरला फक्त वेळ कळते. लाईनमध्ये दाब नेहमीसारखा आहे असं तो गृहीत धरून चालतो. फिल्टर गाळाने बसला, दाब उतरला, तरी तो बरोबर वीस मिनिटंच पाणी सोडणार. कागदावर पाणी पूर्ण दिलेलं, आणि शेवटच्या सरीतला ऊस मात्र वाळलेला. म्हणूनच ठिबकच्या फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे दाबाचा काटा असतो.

गाडीत टायमरचं काम ईसीयू करतो. टाकीतला पंप पेट्रोल ढकलतो. ते रेलमध्ये येतं. रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना जोडलेली नळी. इंजेक्टर हा विजेवर उघडणारा बारीक नळ. ईसीयू त्याला सांगतो, इतके मिलिसेकंद उघड. रेलमध्ये दाब ठरलेला आहे असं तोही धरूनच चालतो. पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरच्या बाहेरच पेट्रोल फवारणाऱ्या, बहुतेक गाड्यांत तो दाब मोजणारा सेन्सरच नसतो. दाब स्थिर ठेवायचं काम रेग्युलेटर नावाचा एक साधा स्प्रिंगवाला पडदा करतो, आणि कारखान्यातून आलेल्या गाडीत तो ते वर्षानुवर्षं इमानाने करतो.

आकडा लक्षात ठेवायचा तर ३ बार. गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, त्याच्या थोडं वर. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय, तेव्हा ३ बार म्हणजे ४३.५. पेट्रोल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या अडीच ते चार बारच्या मध्ये कुठेतरी असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, मित्राच्या गाडीवरून नको. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांचं खातं वेगळं आहे. तिथे पाव बारच्या आसपास दाब असतो, आणि इंजेक्शनचा पंप तिथे लावला तर कार्बोरेटर ओसंडून वाहतो.

मॉडिफाय केल्यावर हिशेब कुठे चुकतो

इंजेक्टरमधून किती पेट्रोल पडेल हे रेलमधल्या एकट्या दाबावर ठरत नाही. रेलमधला दाब आणि इंजेक्टरच्या तोंडाशी असलेला मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, या दोन्हीतल्या फरकावर ते ठरतं. दार ढकलताना पलीकडून कोणी रेटत असेल तर तुमचा जोर तितका कमी पडतो, तसं.

साध्या गाडीत पलीकडून कोणी रेटत नाही, उलट ओढतं. तिथे व्हॅक्यूम असतो. टर्बो बसवला की मॅनिफोल्डमध्ये हवा दाबाने शिरते आणि इंजेक्टरला समोरून रेटा बसतो. रेलमध्ये कायम ३ बार आहे आणि टर्बो ०.८ बार देतोय असं धरा. इंजेक्टरच्या वाट्याला उरले २.२. पेट्रोल किती कमी पडेल? दाबाच्या सरळ प्रमाणात नाही, वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १४ टक्के कमी. हेही नेमकं इंजिन सगळ्यात जास्त राबत असताना.

यावर जुना, खात्रीचा उपाय म्हणजे मॅनिफोल्डपासून रेग्युलेटरला जाणारी पातळ नळी. टर्बोने ०.८ बार रेटलं की रेग्युलेटर रेलचा दाबही ०.८ ने चढवतो, फरक ३ चा ३ राहतो. पण नव्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, इंजिनाकडे एकच पाईप येतो आणि ही नळी नसतेच. अशा गाडीत ट्यूनरने इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरपाई केलेली असेल तर ठीक. केली आहे का, हे विचारून घ्या.

दुसरी गळती पंपाची. दाब वाढला की कुठल्याही पंपाचा प्रवाह कमी होतो. बोअरचं पाणी तळमजल्यावर जोरात येतं आणि गच्चीवरच्या टाकीत बारीक धार पडते, तोच प्रकार. त्यात पंपाला जाणारी वायर जुनी, कनेक्टर काळवंडलेले. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आणि पंपापर्यंत पोचतात जेमतेम अकरा. मोठा पंप विकत घ्यायच्या आधी ही वायर मोजणारा मेस्त्री भेटला तर त्याला धरून ठेवा.

आणि आता इथेनॉल. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन हवं. ई-१० च्या काळात केलेलं ट्यूनिंग ई-२० वर चार-पाच टक्के कमी पडतं. संथ चालताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ती तूट भरून काढतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर मात्र बऱ्याच गाड्यांत ईसीयू त्या सेन्सरचं ऐकत नाही, तो पाठ केलेल्या तक्त्यावर चालतो. तक्ता चार टक्के चुकलेला, त्यात दाब उतरलेला, म्हणजे तूट दुप्पट-तिप्पट.

अशा हवा जास्त, इंधन कमी मिश्रणाला लीन म्हणतात. भरधाव इंजिनात मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल दिलेलं असतं, कारण ते वाफ होताना आतली उष्णता खेचून घेतं. ते कमी झालं की मिश्रण वेळेआधी स्वतःच पेटतं, हेच ते ठोके, म्हणजे नॉकिंग. आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन काही सेकंदांत कडेला वितळू शकतो. इंजिन उघडायचा खर्च विचारून या, मग प्रेशरच्या काट्याची किंमत ऐका.

"काचेशेजारी काटा लावला की झालं ना?"

इथेच ती वाईट वाट सुरू होते. मेकॅनिकल गेजमध्ये वीज नसते. त्याच्या आतली वाकडी पितळी नळी दाबाने सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. साधं, स्वस्त, टिकाऊ. पण त्या नळीत पेट्रोल असावं लागतं. असा गेज डॅशबोर्डवर किंवा काचेच्या खांबावर लावायचा म्हणजे ३ बार दाबाचं पेट्रोल बारीक नळीतून फायरवॉलच्या पलीकडे तुमच्या गुडघ्यांपाशी आणायचं. इंजिन आणि माणसं यांच्या मधल्या पत्र्याला फायरवॉल हे नाव उगाच नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका मित्राच्या गाडीतून गोव्याहून परत येत होतो. गाडी त्याने जिवापाड जपलेली, खांबावर असाच एक सुंदर काटा. चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या आसपास पेट्रोलचा वास यायला लागला. पुढच्या ट्रकचा असेल म्हणून आम्ही काचा खाली केल्या. जांबोटीला थांबून मॅटिंग उचललं तर खालचा फेल्ट ओला. गेजच्या मागचा नट घाटाच्या थरथरीने पाव आटा सैल झाला होता, बस. आमच्या पायाशी वायरिंगचा जुडगा होता आणि मित्राच्या खिशात लायटर. तो नट हातात घेऊन आम्ही दोघं बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसून होतो.

पेट्रोल उणे ४० अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून उघड्या खिडकीतून निघून न जाता खाली पायाशी साचते. "आमच्याकडे वीस वर्षं असाच लावतोय, काही झालं नाही," असं सांगणारे मेस्त्री खोटं बोलत नाहीत. त्यांच्या गाड्यांचे नट अजून सैल झालेले नाहीत एवढंच.

मेकॅनिकल गेजला बॉनेटखाली जागा आहे. तपासणीपुरता जोडा, वाचा, काढून ठेवा. ग्लिसरीन भरलेला कायमचा बसवला तर उष्णतेने आतलं द्रव फुगतं आणि काटा थोडा चुकतो, हे ध्यानात ठेवा.

मग खबर आत कशी येते

पेट्रोल बॉनेटखालीच ठेवायचं, केबिनमध्ये फक्त वायर आणायची. लाईनवर अंगठ्याएवढा स्टीलचा प्रेशर सेन्सर बसतो. त्याला तीन वायरी: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. दाब शून्य असताना सिग्नल ०.५ व्होल्ट, पूर्ण क्षमतेला ४.५ व्होल्ट. ० ते १० बारचा सेन्सर घेतला तर हिशेब तोंडी होतो: व्होल्टमधून ०.५ वजा करा, अडीचने गुणा. १.७ व्होल्ट म्हणजे ३ बार.

शून्याला शून्य व्होल्ट का नाही? ही या सेन्सरांमधली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. दाब नसतानाही सेन्सर अर्धा व्होल्ट देऊन हजेरी लावतो. सिग्नल शून्यावर गेला म्हणजे वायर तुटली, पाचला चिकटला म्हणजे शॉर्ट झाली. दाब गेला आणि वायर गेली यांतला फरक लगेच कळतो.

असा सेन्सर ऑनलाईन काहीशे ते दीड-दोन हजार रुपयांत मिळतो. वाचायला सुरुवातीला साधा मल्टिमीटर पुरे. तयार डिजिटल मीटर घेता येतो. घरात डिप्लोमा करणारं कोणी असेल तर आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि छोटा डिस्प्ले हा दोन संध्याकाळचा उद्योग आहे, आणि पुरवठ्याचे ५ व्होल्ट थोडे हलले तरी आर्डुइनो त्याच पुरवठ्याशी तुलना करत असल्याने वाचन बिघडत नाही. गाडीत स्वतंत्र प्रोग्रॅम होणारा ईसीयू असेल तर सेन्सर त्याच्या रिकाम्या इनपुटला द्या. मग दाब पडताच इंजिनाची ताकद तो स्वतःच तोडेल.

मला ही शेवटची सोय सगळ्यात मोलाची वाटते. घाटाच्या वळणावर कोणी काट्याकडे बघू नये. बघायला यंत्र असावं, माणसाने रस्ता बघावा. ईसीयू नसेल तर निदान ठरावीक दाबाखाली पेटणारा लाल दिवा आणि सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवणारा मीटर घ्या. गाडी थांबल्यावर वाचा.

सेन्सरला चुकून १२ व्होल्ट दिले तर तो मरतो. मीटरच्या लाईनला छोटा फ्यूज लावा, आणि वायर पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट घाला, नाहीतर पत्राच ती कापतो.

"एवढ्या स्वस्त सेन्सरवर भरवसा कसा ठेवायचा?"

डोळे मिटून ठेवू नका, तपासून ठेवा. आधी शून्य बघा: सेन्सर मोकळ्या हवेत धरून व्होल्ट मोजा. काही सेन्सर समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाशी बंद केलेले असतात. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब सुमारे ०.०८ बारने कमी. त्यामुळे असा सेन्सर इथे शून्याच्या किंचित खाली दाखवेल आणि पणजीला उतरलात की सुधारेल. बिघाड नाही तो.

मग गाडीवर चांगल्या मेकॅनिकल गेजशी एकदा ताडून बघा. गेज उसना चालतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकची कामं करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या कारखान्यात ताडलेला गेज असतोच. फक्त तो तेलावर वापरलेला असेल तर पेट्रोलला लावण्याआधी सेन्सर आणि गेज कॉम्प्रेसरच्या हवेवर शेजारी शेजारी लावून तुलना करा. ०.१ बार इकडेतिकडे असेल तर चालेल. आपल्याला आकड्याइतकीच त्याची चाल महत्त्वाची आहे: कधी पडतो, किती पडतो, परत येतो का.

काटकसर मीटरमध्ये करा, जोडात करू नका

मीटर दीडशे रुपयांचा मल्टिमीटर असला तरी कोणाचं काही बिघडत नाही. पेट्रोल ज्यातून जातं ती प्रत्येक वस्तू मात्र नवीन आणि योग्य हवी.

आपल्या भागाचा एक फायदा आहे आणि तोच फसवतोही. बेळगावात फाउंड्री, लेथ, हायड्रॉलिक यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कसब आहे. हवं ते निपल तासाभरात वळून मिळतं. पण हायड्रॉलिकच्या दुकानात ज्याला "एक अष्टमांश" म्हणतात ते आटे बहुधा बीएसपीचे (ब्रिटिश मापाचे) असतात, आणि ऑनलाईन आलेला सेन्सर बहुतेक वेळा एनपीटीचा (अमेरिकन मापाचा). बीएसपीला इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश. एनपीटीला २७ आटे, कोन ६० अंश. फरक एवढा थोडा की एकात दुसरं दोन-तीन फेरे गुण्यागोविंदाने जातं आणि मग जड लागतं. माणूस म्हणतो, बसला घट्ट. तो बसलेला नसतो, अडकलेला असतो. गाडी तापली, थरथरली की पाझरतो. वर १० मिलिमीटरचे बारीक आटे असलेलेही सेन्सर येतात, ते या दोघांसारखेच दिसतात. सेन्सर हातात घेऊन टर्नरकडे जा, पिच गेज लावून आटे मोजायला सांगा, आणि त्याच आट्याचा अ‍ॅडॉप्टर करा.

दुसरं, हायड्रॉलिकचा पाईप. दोनशे बार सोसतो, मग पेट्रोलचे तीन बार काय, असं वाटणं साहजिक आहे. पण पाईप फुटतो दाबाने, कुजतो रसायनाने. साध्या हायड्रॉलिक पाईपचं आतलं रबर खनिज तेलासाठी असतं. पेट्रोल आणि त्यातही इथेनॉल त्याला फुगवतं, मऊ करतं. इंजेक्शनच्या गाडीसाठी पाईपवर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं बघा, त्याचं आतलं अस्तर इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरो-रबराचं असतं. आर-७ लिहिलेला कार्बोरेटरच्या कमी दाबासाठी आहे. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारा पाईप लागला तर आर-१०, कारण आर-९ बाहेरून पेट्रोल सोसत नाही. ओ-रिंगही फ्लोरो-रबराचीच.

आटे बंद करायला पेट्रोल सोसणारं द्रव सीलंट वापरा. पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा बारीक तुकडा सुटून इंजेक्टरच्या जाळीत बसला तर एक सिलिंडर लीन होतो आणि रेलवरचा काटा मात्र ३ बारच दाखवत राहतो. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये विरघळल्यासारखं मऊ पडतं, ते नकोच.

सेन्सर थेट रेलवर, पितळी टी आणि दोन-तीन निपलांच्या मनोऱ्यावर उभा करू नका. इंजिनाच्या थरथरीने पितळ थकतं आणि आट्याच्या मुळाशी तुटतं. लाईनमध्ये घट्ट बांधलेला छोटा अ‍ॅडॉप्टर, तिथून स्टीलची जाळी असलेला, आत टेफ्लॉनचं अस्तर असलेला आखूड पाईप, आणि सेन्सर बॉडीच्या पत्र्याला क्लॅम्पने बांधलेला. एक्झॉस्टपासून लांब, अल्टरनेटरच्या वर तर अजिबात नाही. अ‍ॅडॉप्टरच्या तोंडाशी सुईएवढं भोक असलेला अडसर घाला. हायड्रॉलिकवाले त्याला स्नबर म्हणतात. त्याने काट्याची थरथर थांबते, आणि पुढचा पाईप कधी तुटलाच तर कारंज्याऐवजी बारीक धार येते.

नव्या गाड्यांच्या प्लॅस्टिक पाईपला कापून रबरी नळी आणि स्क्रूची क्लिप लावणं हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. तो पाईप क्लिपसाठी बनलेलाच नाही. त्याच्या मूळ चाप-कनेक्टरमध्ये बसणारे, सेन्सरचं भोक असलेले अ‍ॅडॉप्टर मिळतात, तेच घ्या.

बसवायच्या दिवशी

इंजिन गार असू द्या, सकाळची वेळ बरी. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा. रेलमधलं पेट्रोल संपवून ते आपोआप बंद पडेल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरीही जोड उघडताना वर फडकं धरा, डोळ्यांवर चष्मा घाला. पिटवर काम करू नका, वाफ खड्ड्यात साचते. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा.

जोडून झाल्यावर इंजिन लगेच चालू करू नका. नुसती चावी फिरवली की बऱ्याच गाड्यांत पंप दोनेक सेकंद चालतो. तसं चार-पाच वेळा करा आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर लावून बघा. ओलावा दिसला तर पुन्हा सगळं उघडा. आठवड्याने आणि पहिल्या घाटानंतर परत बघा.

त्याच दिवशी एक गोष्ट तपासा, जिचा काट्याशी संबंध नाही. मोठा पंप बसवताना त्याची वायर थेट इग्निशनला जोडलेली आहे का? मूळ गाडीत इंजिन थांबलं की ईसीयू पंपाचा रिले तोडतो. थेट जोडलेल्या गाडीत अपघात होऊन इंजिन बंद पडलं तरी चावी चालू असेपर्यंत पंप फुटलेल्या पाईपातून पेट्रोल फेकत राहतो. रिलेचा ताबा ईसीयूकडे परत द्या. याला खर्च जवळजवळ नाही.

"मोबाईलवर ओबीडीने दिसत नाही का?"

ज्या गाडीत मुळात सेन्सर नाही तिच्यात ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचा, डोंगल काय वाचणार? अ‍ॅपमध्ये फ्युएल प्रेशरचं घर असतं, ते रिकामं राहतं.

डिझेल कॉमन रेल आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचं उलटं. तिथे रेलवर सेन्सर कंपनीनेच दिलेला असतो आणि डोंगलवर आकडा दिसतो. बोलेरोपासून सेडानपर्यंत ईसीयूचा तक्ता बदलून (रिमॅप) घेतलेल्या डिझेलवाल्यांनी तेवढंच करावं. त्या रेलमध्ये १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. तिथली केसाएवढी धार कातडी फोडून आत शिरते, आणि जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रियेची असते. त्या लाईनला पाना लावायचा नाही. सीएनजीच्या उच्च दाबाच्या लाईनलाही नाही.

"प्रेशर वाढवलं की पॉवर वाढते म्हणतात"

३ चे ४ बार केले तर इंजेक्टर १५ टक्के जास्त पेट्रोल टाकतो, हे खरं. पण ईसीयूच्या तक्त्याला ते सांगितलं नाही तर नुसतं पेट्रोल वाया, प्लग काळे. शिवाय पंपावर ओझं. दाब वाढवणं हे ट्यूनरने हिशेब करून घ्यायचं पाऊल आहे, रेग्युलेटरचा स्क्रू हाताशी आहे म्हणून फिरवायचं नाही.

कायद्याबद्दलही विचारणा होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलण्याला आवर घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केलं. इंजिन बदललं असेल तर आरसीवर नोंद हवी, मग पाटी केए-२२ असो, केए-२३ असो की एमएच-०९. विमा कंपनीपासून बदल लपवले तर दाव्याच्या वेळी तेच उभे राहतात.

काट्याची भाषा

पहिल्या दिवसाचे आकडे वहीत लिहा: चावी फिरवल्यावर, आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता), आणि रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर ती काढून. नळी काढली की दाब साधारण अर्धा बार चढायला हवा. चढला नाही तर रेग्युलेटर किंवा नळी बघा.

इंजिन बंद केल्यावर दाब हळूहळू उतरला तर चांगलं. काही सेकंदांत कोसळला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), गळका इंजेक्टर किंवा रेग्युलेटर. आधी बाहेर गळती नाही याची खात्री करा. आयडलला ठीक आणि जोर लावल्यावर सावकाश घसरत जातो, तर फिल्टर, पंप किंवा ती वायर. घसरताना पंपाशी व्होल्ट मोजले की दोषी कोण ते अर्ध्या तासात ठरतं. दाब सतत जास्त, तर परतीचा पाईप दबलेला. मे महिन्यात चिकोडी-अथणीच्या उन्हात गाडी तासभर उभी करून चालू केल्यावर काटा नाचला तर लाईनमध्ये पेट्रोलची वाफ झाली आहे. पाईप एक्झॉस्टपासून दूर न्यावा लागेल. पूर्ण जोराची चाचणी डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर पळवणाऱ्या यंत्रावर, करा, महामार्गावर नको.

जांबोटीला ज्याचं मॅटिंग ओलं निघालं होतं, त्या मित्राने पुढे सेन्सर बसवला. त्याच घाटातून येताना मीटरने सगळ्यात कमी आकडा दाखवला १.९ बार. आम्हाला पंपावर संशय. पण बेळगाव-खानापूरच्या सरळ रस्त्यावर तोच पंप ३ बार धरून होता. वहीत बघितलं तर दाब पडायचा तेव्हा टाकी पाव भरलेली असायची आणि वळण लांब, डावं. पेट्रोल एका कडेला सरकत होतं आणि पंपाचं तोंड काही क्षण उघडं पडत होतं. नवा पंप घेतला नाही. पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी टाकीतली प्लॅस्टिकची वाटी तुटली होती, ती बदलली, आणि आता गोव्याला निघताना तो आधी टाकी निम्म्याच्या वर भरतो.